जखम आहे, पण पू नाही: नॉकआउट उंदीर आणि पांढऱ्या पेशींची वाट

आज आपण पू या विषयावर बोलणार आहोत. कोणी जेवता जेवता ऐकत असेल तर आत्ताच पॉज करा आणि हात धुऊन या, मी थांबतो.

तर, पू. जखम चिघळली, पू झाला, की घरातली मोठी माणसं काळजीत पडतात. ते बरोबरच आहे. पण पू म्हणजे नक्की काय असतं? मुख्यतः मेलेल्या पांढऱ्या पेशी. त्यातही न्यूट्रोफिल नावाच्या पेशी, जंतूंशी लढायला सगळ्यात आधी धावून येणाऱ्या. त्या रक्तात होत्या आणि आता जखमेत आहेत. मधे रक्तवाहिनीची भिंत आहे, आणि त्या भिंतीला दार नाही. शिवाय रक्त वेगानं वाहतंय. मग वाहत्या प्रवाहातली पेशी नेमक्या जखमेपाशी थांबते कशी, आणि बाहेर पडते कशी?

हा प्रश्न सोडवायला सुमारे दीडशे वर्षं लागली. त्यातली शेवटची आणि मला सगळ्यात जास्त आवडणारी वीस-पंचवीस वर्षं उंदरांची आहेत. साधे उंदीर नव्हेत, ज्यांच्यातलं एकच जनुक मुद्दाम बंद पाडलंय असे. त्यांना नॉकआउट उंदीर म्हणतात. शब्द ऐकून बॉक्सिंग आठवतं, पण इथे आडवं होतं ते जनुक.

आधी १८६७ सालात जाऊ. बर्लिनमध्ये युलियस कोनहाइम नावाचा तरुण डॉक्टर होता, रुडॉल्फ फिर्खो या बड्या शास्त्रज्ञाचा सहायक. फिर्खो म्हणजे त्या काळचा पॅथॉलॉजीतला अखेरचा शब्द. त्याचं म्हणणं असं की पुवातल्या पेशी जखमेच्या जागी, तिथल्याच ऊतींमधून तयार होतात. कोनहाइमनं काय केलं, तर बेडकाच्या आतड्याला धरून ठेवणारा पातळ पडदा सूक्ष्मदर्शकाखाली पसरला आणि तासन्‌तास बघत बसला. हा पडदा इतका पारदर्शक असतो की जिवंत प्राण्यातलं रक्त वाहताना दिसतं. त्याला दिसलं की सूज येऊ लागली की पांढऱ्या पेशी प्रवाहाच्या कडेला येतात, भिंतीला चिकटतात आणि हळूहळू भिंतीतून पार बाहेर जातात. म्हणजे पू बाहेर तयार होत नाही, तो रक्तातून येतो. गंमत म्हणजे गुरूला खोटं ठरवणारा हा निबंध छापून आला तो गुरूच्याच नियतकालिकात. फिर्खोला मानलं पाहिजे.

पांढऱ्या पेशी भिंतीच्या कडेनं घरंगळत जातात हे कोनहाइमच्या आधीही काही जणांनी पाहिलं होतं. पण घरंगळते म्हणजे कशाला तरी धरत-सोडत जात असणार ना? ते धरायचं काय आणि कशानं, हे पुढची शंभर वर्षं कोणालाच सांगता आलं नाही. डोळ्यांना दिसत होतं, पण पेशीचे हात दिसत नव्हते.

ते हात पहिल्यांदा कळले, ते ज्या बाळांना ते नव्हते त्यांच्यामुळे.

आपल्याकडे बाळाची नाळ पडली की नाही याकडे घरातल्या बायकांचं बारीक लक्ष असतं. साधारण आठ-दहा दिवसांत, बारशाच्या सुमारास, ती वाळून गळून पडते. १९७९ मध्ये लंडनच्या डॉक्टरांनी ‘द लॅन्सेट’मध्ये काही बाळांचं वर्णन छापलं. या बाळांची नाळ आठवडे उलटले तरी पडत नव्हती. त्यांना एकामागून एक जंतुसंसर्ग होत होते. आणि सगळ्यात विचित्र म्हणजे जखमा व्हायच्या, पसरायच्या, पण त्यात पू होत नव्हता. आता हे ऐकून वाटेल की त्यांच्यात पांढऱ्या पेशीच कमी असतील. उलटं होतं! अशा बाळांच्या रक्तात न्यूट्रोफिल भरमसाट असतात, नेहमीच्या कितीतरी पट. रक्त सैनिकांनी खचाखच भरलेलं आणि रणांगण मोकळं. नाळ गळून पडायलासुद्धा या पेशी तिथे पोचाव्या लागतात. त्या पोचत नव्हत्या म्हणून नाळ तशीच.

पुढच्या वर्षी, १९८० मध्ये, अशाच एका मुलाच्या न्यूट्रोफिलवर एक प्रथिन नसल्याचं अमेरिकेतल्या डॉक्टरांनी दाखवलं. मग दोन धागे एकत्र आले. हार्वर्डला टिमोथी स्प्रिंगर पांढऱ्या पेशींच्या पृष्ठभागावरची प्रथिनं एकेक करून शोधत होता, आणि टेक्ससमध्ये डोनाल्ड अँडरसन या बालरोगतज्ज्ञाकडे असे रुग्ण होते. १९८०च्या दशकाच्या मध्यापर्यंत चित्र स्पष्ट झालं. पांढऱ्या पेशींवर इंटेग्रिन जातीची तीन जवळची भावंडं असतात. तिघांचा एक भाग वेगवेगळा, पण दुसरा भाग सामाईक. तो सामाईक भाग म्हणजे सीडी१८. त्याचं जनुक बिघडलं की तिन्ही भावंडं एकदम गायब. आजाराला नाव मिळालं ल्युकोसाइट अ‍ॅडहीजन डेफिशियन्सी, म्हणजे पांढऱ्या पेशींची चिकटण्याची क्षमता नसणं. सोयीसाठी आपण त्याला लॅड म्हणू. तीव्र लॅड असलेली मुलं बोन मॅरो बदलला नाही तर बहुतेक वेळा लहानपणीच दगावतात. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे उंदरांच्या गमतीजमती ऐकताना ही बाळं विसरायला नकोत.

आता थोडं मुंबईला यावं लागेल. विषय सोडून नाही, खरंच लागेल.

१९५२ मध्ये डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत असा एक रक्तगट शोधला, जो ए, बी आणि ओ यापैकी कशातच नीट बसत नव्हता. ओ गटाचं रक्तसुद्धा या लोकांना चालत नव्हतं. तोच बॉम्बे ब्लड ग्रुप. शहराचं नाव बदललं, रक्तगटाचं तेच राहिलं. ए आणि बी या दोन्ही खुणा ज्या पायावर उभ्या राहतात, त्या एच नावाच्या पायाचाच या लोकांत पत्ता नसतो. आणि एच बनतो तो फ्युकोज नावाची एक साखर जोडून.

बरोबर चाळीस वर्षांनी, १९९२ मध्ये, इस्रायलमधल्या हैफा शहरात अमोस एत्झिओनी आणि सहकाऱ्यांकडे दोन मुलं होती. वारंवार जंतुसंसर्ग, रक्तात पांढऱ्या पेशी भरपूर, पू नाही. सगळी लक्षणं लॅडची, पण सीडी१८ तपासलं तर एकदम ठीक! शिवाय या मुलांची वाढ खुंटलेली होती, बौद्धिक विकासही मंद होता. आणि दोघांचाही रक्तगट होता बॉम्बे. तिथेच गाठ सुटली. या मुलांच्या शरीरात फ्युकोज कुठेच नीट जोडली जात नव्हती. रक्तपेशींवर नाही म्हणून बॉम्बे गट, आणि पांढऱ्या पेशींवरही नाही. पांढऱ्या पेशींवर फ्युकोज असलेली एक साखळी असते, सायलिल लुइस एक्स. तीच नसल्यामुळे या पेशींना रक्तवाहिनीची भिंत पकडता येत नव्हती. मला हा शोध फार आवडतो. परळला रक्तपेढीत काम करणाऱ्यांना ओळखीचा असलेला रक्तगट हैफातल्या एका कोड्याची किल्ली ठरला.

आणि हो, तुमच्यापैकी कोणाचा रक्तगट बॉम्बे असेल तर घाबरू नका. तुमच्यात फ्युकोज जोडून एच बनवणारी जनुकं तेवढी बंद असतात, बाकी पुरवठा सुरळीत असतो. तुमच्या पांढऱ्या पेशी व्यवस्थित चिकटतात. रक्त मिळायची अडचण तेवढी खरी.

आता या दोन प्रकारच्या मुलांची तुलना करा. १९९३ मध्ये उलरिख फॉन आंद्रियान आणि सहकाऱ्यांनी दोन्हींचे न्यूट्रोफिल घेऊन सशाच्या बारीक रक्तवाहिन्यांतून सोडले आणि बघितलं. सीडी१८ नसलेल्या पेशी भिंतीवरून छान घरंगळत होत्या, पण थांबतच नव्हत्या. फ्युकोज नसलेल्या पेशी मुळात घरंगळायलाच तयार नव्हत्या, पण प्रवाह बंद केला की मात्र घट्ट चिकटायच्या. म्हणजे ही दोन वेगळी कामं आहेत आणि त्यांचे हात वेगळे आहेत.

पुरात वाहून जाणारा माणूस डोळ्यांसमोर आणा. तो एकदम दोर पकडू शकत नाही, वेग फार असतो. काठावरची झुडपं हाताला लागतात, सुटतात, परत लागतात. त्यानं वेग कमी होतो. मग एखादं घट्ट मूळ सापडलं की त्याला धरून तो थांबतो आणि वर चढतो. झुडपं म्हणजे सिलेक्टिन. मूळ धरणारा हात म्हणजे इंटेग्रिन, ज्यात सीडी१८ असतं. आणि रक्तवाहिनीच्या भिंतीवरचं मूळ म्हणजे आयकॅम-१ सारखी प्रथिनं. या दोन्हींच्या मधे ‘इथेच थांब’ असा रासायनिक इशारा मिळावा लागतो, तो देणारे केमोकाइन. स्प्रिंगर आणि स्टॅनफर्डचा यूजीन बुचर यांनी १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला ही पायऱ्यांची कल्पना मांडली आणि ती आजही शिकवली जाते.

सिलेक्टिन तीन आहेत. पी, ई आणि एल. पी म्हणजे प्लेटलेट, ई म्हणजे एंडोथेलियम अर्थात रक्तवाहिनीचं अस्तर, आणि एल म्हणजे ल्युकोसाइट, पांढरी पेशी. जिथे सापडलं त्यावरून नाव, बस. पी आधीच बनवून अस्तराच्या पेशींत साठवलेलं असतं, इशारा मिळाला की काही मिनिटांत पृष्ठभागावर. ई मात्र नव्यानं बनवावं लागतं, त्याला काही तास लागतात.

एवढं सगळं कळलं, पण खात्री कुठे होती? काचेच्या नळीत प्रथिनाचा थर देऊन पेशी घरंगळवता येतात, ठीक. प्राण्याला प्रतिपिंड टोचून एखादं प्रथिन झाकता येतं, तेही ठीक. पण प्रतिपिंड पूर्ण झाकतो का? कधी स्वतःच पेशीला चिथावतो का? ही शंका राहतेच. आणि लॅडची मुलं जगात मोजकी, शिवाय निसर्गानं जे जनुक मोडलं तेवढंच. पी-सिलेक्टिन नसलेलं मूल कोणी पाहिलंच नव्हतं. हवं ते जनुक मोडलेला प्राणी हवा होता.

तो बनवण्याची रीत १९८०च्या दशकात तीन जणांच्या कामातून जुळून आली. केंब्रिजला मार्टिन एव्हान्स आणि मॅथ्यू कॉफमन यांनी १९८१ मध्ये उंदराच्या अगदी कोवळ्या गर्भातून अशा पेशी वाढवल्या, ज्यांच्यापासून पुढे शरीरातली कुठलीही पेशी बनू शकते. त्या स्टेम सेल. १९८५ मध्ये ऑलिव्हर स्मिथीजनं दाखवलं की बाहेरून दिलेला डीएनएचा तुकडा मानवी पेशीत आपल्या जुळ्या जागी नेमका जाऊन बसू शकतो. आणि युटामध्ये मारिओ कापेक्की हेच वेगळ्या वाटेनं करत होता. १९८० मध्ये त्यानं यासाठी सरकारी अनुदान मागितलं तेव्हा परीक्षकांनी हा भाग जमण्यातला नाही म्हणून सोडून द्यायला सांगितलं. त्यानं दुसऱ्या कामासाठी मिळालेला पैसा इकडे वळवला. चार वर्षांनी परत अर्ज केला तेव्हा त्याच परीक्षकांनी, बरं झालं आमचं ऐकलं नाहीस, अशा अर्थाचं कळवलं. आपल्या थिसिस गाइडला हा भाग पाठवायचा मोह होत असेल तर जरा जपून.

अडचण अशी होती की दिलेला तुकडा बहुतेक वेळा भलत्याच ठिकाणी घुसायचा. नेमक्या जागी बसलेली पेशी हजारात एखादी. ती शोधायची कशी? १९८८ मध्ये कापेक्कीच्या प्रयोगशाळेनं यावर एक सुरेख युक्ती काढली. तुकड्याच्या मधोमध एक जनुक ठेवायचं जे पेशीला एका विषापासून वाचवतं. आणि तुकड्याच्या टोकाला दुसरं जनुक, जे दुसऱ्या एका औषधाच्या संपर्कात पेशीला मारतं. तुकडा नेमका बसला तर टोक गळून जातं, पण भलतीकडे घुसला तर बहुतेक वेळा टोकासकट घुसतो. मग दोन्ही औषधं द्या. ज्यांच्यात तुकडा बसलाच नाही त्या पहिल्या औषधानं मरतात, चुकीच्या जागी बसलेल्या दुसऱ्यानं. उरतात बहुतांशी हव्या त्या.

त्या पेशी दुसऱ्या उंदराच्या गर्भात टोचायच्या. स्टेम सेल सहसा भुरकट जातीच्या उंदराच्या आणि गर्भ काळ्या उंदराचा, त्यामुळे जन्माला येणारं पिल्लू चक्क ठिपकेदार निघतं. अंगावर भुरकट डाग जितके जास्त तितकी आशा जास्त. त्याच्या संततीत बदललेलं जनुक उतरलं की भावंडांची जोडी लावायची, आणि चारात एक पिल्लू असं मिळतं ज्याच्याकडे त्या जनुकाची चालू प्रत एकही नाही. एक उंदीर तयार व्हायला तेव्हा वर्ष-दोन वर्षं सहज जायची. २००७ चं नोबेल या तिघांना मिळालं.

आणि मग १९९३. डेनिसा वॅग्नर आणि एमआयटीचा रिचर्ड हाइन्स यांच्या गटानं पी-सिलेक्टिन नसलेला उंदीर बनवला. निबंधावर पहिलं नाव तान्या मायादासचं. या उंदरांच्या आतड्याचा पडदा सूक्ष्मदर्शकाखाली पसरला, म्हणजे सव्वाशे वर्षांपूर्वी कोनहाइमनं बेडकाचा पसरला तसाच, आणि बघितलं. साध्या उंदरात पांढऱ्या पेशी कडेनं घरंगळत होत्या. या उंदरांत जवळजवळ एकही नाही! मग पोटात दाह निर्माण करून पाहिला. पहिल्या दोन तासांत न्यूट्रोफिल आलेच नाहीत. पण चार तासांनी मोजले, तर साध्या उंदरांइतकेच.

हे ‘पण’ महत्त्वाचं आहे. झुडूप तोडलं तरी माणूस थोड्या उशिरानं का होईना, काठाला लागला. म्हणजे दुसरं झुडूप आहे. उंदीर बाकी ठणठणीत, पिल्लं घालत होते.

पुढच्याच वर्षी ई-सिलेक्टिनचा नॉकआउट आला. त्यात काय बिघडलं? वरवर काहीच नाही. पण त्याच उंदरांत प्रतिपिंडानं पी झाकलं, तेव्हा न्यूट्रोफिल यायचे थांबले. एल-सिलेक्टिन काढल्यावर मात्र वेगळंच दिसलं. त्या उंदरांच्या लिम्फ नोड, म्हणजे काखेत-मानेत सुजतात त्या गाठी, अगदी छोट्या राहिल्या, कारण लिम्फोसाइट नावाच्या पेशींना रक्तातून तिथे शिरताच येत नव्हतं. जेम्स गोवन्सनं ऑक्सफर्डला दाखवलं होतं की या पेशी रक्तातून गाठींत आणि गाठींतून परत रक्तात अशा सतत फेऱ्या मारतात. त्या फेरीचं एक दार आता सापडलं.

१९९६ मध्ये दोन गटांनी पी आणि ई दोन्ही नसलेले उंदीर बनवले. आता मात्र चित्र भयंकर होतं. रक्तात पांढऱ्या पेशींचा पूर आणि अंगावर, तोंडाभोवती व्रण, जंतुसंसर्ग. थोडक्यात, लॅडची बाळं. एक तोडलं तर चालतं, दोन तोडली तर चालत नाही. त्या काळात ‘नॉकआउटमध्ये काहीच फरक दिसला नाही’ असं कळलं की संशोधक हिरमुसायचे. मला वाटतं सगळ्यात मोलाची बातमी तीच होती. शरीरानं जिथे दोन-दोन सोयी करून ठेवल्यात, तिथे चूक परवडणारी नाही हे त्यातून कळतं.

आता जरा ह्यूस्टनला जाऊ, आर्थर बोडे यांच्या प्रयोगशाळेत. त्यांनीही १९९३ च्या सुमारास सीडी१८ चा उंदीर बनवला, पण जनुक पूर्ण बंद पडलं नाही. तुकडा असा बसला की थोडंसं सीडी१८ बनत राहिलं. म्हणजे नॉकआउट नव्हे, घायाळ. वाया गेला म्हणून फेकून देता आला असता. पण लॅडचे सौम्य रुग्णही असतात, ज्यांच्यात थोडं सीडी१८ असतं आणि ते मोठे होतात. हा उंदीर त्यांच्यासारखा होता. पुढे याच उंदराची एका वेगळ्या जातीशी पैदास केली तर त्याला सोरायसिससारखा त्वचेचा आजार झाला. जनुक तेच, जात बदलली की आजार बदलला. पूर्ण सीडी१८ नसलेला उंदीर १९९८ मध्ये आला, त्याला आपोआप त्वचेवर व्रण व्हायचे.

आयकॅम-१ च्या उंदरांची कथा याहून नाजूक. दोन गटांनी दोन वेगळे नॉकआउट केले, त्यावर ढीगभर निबंध लिहिले गेले. मग लक्षात आलं की पेशी बिघडलेला भाग गाळून, उरलेले भाग जोडून आयकॅम-१ चे छोटे प्रकार बनवतच होत्या! जनुक संपूर्ण उडवलेला उंदीर बऱ्याच वर्षांनी आला. तेव्हा नॉकआउट हा शब्द ऐकला की माझा पहिला प्रश्न असतो, खरंच का?

जाता जाता गाईंबद्दल. हाच सीडी१८ चा दोष होल्स्टिन गाईंत सापडला, १९९२ मध्ये त्याचं कारण कळलं. एका नामांकित वळूचं वीर्य जगभर वापरलं गेलं आणि त्याच्यासोबत दोषही पसरला. आपल्याकडेही होल्स्टिन आणि संकरित वळू वीर्यासाठी निवडताना या दोषाची तपासणी करतात. दुधाच्या पिशवीमागे एवढं सगळं असतं.

काही जनुकांनी तर प्रयोगच करू दिला नाही. अल्फा-४ हे इंटेग्रिन आणि ते ज्याला धरतं ते व्हीकॅम-१. १९९५ मध्ये दोन्हींचे नॉकआउट केले तर पिल्लं जन्मालाच येईनात. वार नीट जुळत नव्हती, हृदयाचं आवरण तयार होत नव्हतं. पांढऱ्या पेशींचा हात म्हणून ज्याचा अभ्यास चालला होता, तो गर्भात भलतंच काम करत होता. एस१पी१ नावाच्या जनुकाचंही तसंच. तिथे जेसन सिस्टर आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये वाट काढली. जन्म न घेऊ शकणाऱ्या गर्भाच्या यकृतातल्या रक्त बनवणाऱ्या पेशी घेतल्या आणि साध्या उंदरात रुजवल्या. त्या उंदराच्या छातीतल्या थायमस ग्रंथीत टी-पेशी तयार झाल्या, पण तिथून बाहेर पडू शकल्या नाहीत. आत शिरायचे हात वेगळे आणि बाहेर पडायची किल्ली वेगळी, हे त्यातून पक्कं झालं. फिंगोलिमोड हे मल्टिपल स्क्लेरोसिसवरचं औषध याच किल्लीवर काम करतं. ते मुळात एका बुरशीतल्या रसायनावरून जपानमध्ये तयार झालं आणि २०१० मध्ये अमेरिकेत मंजूर झालं.

औषधांचा विषय निघालाच आहे तर अल्फा-४ वर थांबू. मल्टिपल स्क्लेरोसिसमध्ये स्वतःच्याच पांढऱ्या पेशी मेंदूत शिरून नसांचं आवरण खातात. १९९२ मध्ये उंदीरघुशींवरच्या प्रयोगात दिसलं होतं की अल्फा-४ झाकलं तर त्या मेंदूत शिरत नाहीत. त्यातून नॅटालिझुमॅब हे औषध आलं, नोव्हेंबर २००४ मध्ये अमेरिकेत मंजूर. फेब्रुवारी २००५ मध्ये ते बाजारातून मागे घेतलं. जेसी नावाचा विषाणू अनेक प्रौढांच्या शरीरात निमूट पडून असतो. औषध घेणाऱ्या तीन रुग्णांत त्यानं मेंदूवर हल्ला केल्याचं समोर आलं, त्यातले दोघे दगावले. मेंदूत गस्त घालणाऱ्या पेशींनाच आपण दारात अडवलं होतं. उंदरानं हे आधी का सांगितलं नाही? कारण जेसी विषाणू माणसाचा, उंदराला तो होतच नाही. २००६ मध्ये औषध कडक अटींसह परत आलं, कारण रुग्णांनाच ते हवं होतं. धोका माहीत असूनही त्यांनी ते मागितलं, यावरून त्यांचा आजार काय असेल याचा अंदाज करा.

आता शेवटची गोष्ट, आणि इथे आपण बाळांकडे परत येतो.

लॅडच्या मुलांपैकी जी जगतात, त्यांचे दात फार लवकर जातात. हिरड्या सुजतात, जबड्याचं हाड झिजतं. कारण उघडच वाटायचं: न्यूट्रोफिल हिरडीत पोचत नाहीत, म्हणून जंतू माजतात. मग प्रतिजैविकं द्या, दात साफ करा, दात काढा. तरी हिरड्या काही सुधारत नसत.

२००५ मध्ये व्हर्जिनियात क्लाउस ले आणि सहकारी एका वेगळ्याच प्रश्नावर होते. चिकटणारी प्रथिनं नसलेल्या उंदरांच्या रक्तात न्यूट्रोफिल इतके का वाढतात? बाहेर पडता येत नाही म्हणून साचतात, एवढंच उत्तर त्यांना पुरेसं वाटलं नाही. त्यांना दिसलं ते असं. साधारणपणे न्यूट्रोफिल ऊतीत जातात, तिथे मरतात आणि तिथल्या भक्षक पेशी त्यांना गिळतात. गिळलं की भक्षक पेशींचा एक आरडाओरडा शांत होतो, इंटरल्युकिन-२३ नावाचा. पोहोच मिळाली, आता नवीन पाठवू नका, अशी ती पावती. न्यूट्रोफिल पोचलेच नाहीत तर पावती नाही, आरडाओरडा चालूच, त्यातून इंटरल्युकिन-१७ वाढतं आणि बोन मॅरो आणखी पेशी बनवत राहतो.

अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतल्या निकी मुत्सोपुलोस आणि सहकाऱ्यांनी हे हिरडीला लावून पाहिलं. २०१४ मध्ये त्यांनी दाखवलं की लॅडच्या रुग्णांच्या हिरड्या इंटरल्युकिन-१७ नं भरलेल्या असतात, आणि लॅडसारखा दोष असलेल्या उंदरांत ते अडवलं तर हाड झिजणं थांबतं. हाड खाणारे मुख्यतः जंतू नव्हते, तो न थांबणारा आरडाओरडा होता. एका लॅडच्या रुग्णाला त्यांनी उस्टेकिनुमॅब दिलं, ते २०१७ मध्ये छापून आलं. हे सोरायसिससाठी आधीच बाजारात असलेलं, इंटरल्युकिन-२३ अडवणारं औषध. हिरड्या सुधारल्या. आणि कंबरेखाली वर्षानुवर्षं न भरणारी जखम होती, तीही भरली. ज्याच्यात प्रतिकारशक्ती कमी पडते म्हणून सगळे उपाय चालले होते, त्याला प्रतिकारशक्तीचा एक भाग शांत करणारं औषध दिलं आणि जखम मिटली. बेडकापासून इथपर्यंतच्या सगळ्या गोष्टीत मला हा क्षण सगळ्यात थक्क करणारा वाटतो.

आणि तो ह्यूस्टनचा घायाळ उंदीर आठवतोय ना, अर्धवट सीडी१८ वाला? माद्रिदमधल्या गटानं त्या उंदरांच्या बोन मॅरोत सीडी१८ चं चालू जनुक विषाणूच्या मदतीनं घातलं. २०१६ मध्ये छापून आलं की उंदीर सुधारले. २०१९ पासून त्याच पद्धतीनं तीव्र लॅड असलेल्या नऊ मुलांच्या स्वतःच्या पेशींत जनुक घालून त्या परत दिल्या गेल्या. नऊच्या नऊ मुलं जिवंत आहेत असा अहवाल आला, दात्याचा बोन मॅरो न लागता.

आपल्याकडे लॅडची तपासणी मुंबईत परळला, केईएमच्या आवारातल्या राष्ट्रीय इम्युनोहिमॅटोलॉजी संस्थेत होते. थोडंसं रक्त, त्यात सीडी१८ ला रंगीत प्रतिपिंड लावायचा आणि यंत्रातून पेशी एकेक करून मोजायच्या. तुमच्या ओळखीत एखाद्या तान्ह्या बाळाची नाळ तीन-चार आठवडे पडली नसेल, वारंवार जंतुसंसर्ग होत असेल आणि रक्ताच्या रिपोर्टमध्ये पांढऱ्या पेशी खूप जास्त दिसत असतील, तर बालरोगतज्ज्ञांना लॅडबद्दल थेट विचारा. पुढच्या भागात आपण गोवन्सच्या त्या फेऱ्या मारणाऱ्या पेशींकडे जाऊ. तोवर भेटूया!